वळणावरील मोटार : चालनकौशल्याची यांत्रिक मीमांसा

सरळ रस्त्यावर मोटार चालविणे आणि वळणावर ती चालविणे ही वरवर पाहता एकाच कौशल्याची दोन अंगे वाटतात. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यांत मूलभूत भेद आहे. सरळ रेषेत एकसमान वेगाने जाणाऱ्या गाडीस हवेचा व रस्त्याचा विरोध भरून काढण्यापलीकडे कोणत्याही बलाची अपेक्षा नसते. वळणावर गाडीची दिशा क्षणोक्षणी बदलत असते. दिशा बदलणे म्हणजे प्रवेग आणि प्रवेग म्हणजे बल. हे बल आतल्या बाजूस, वळणाच्या केंद्राकडे, लागावे लागते. ते इंजिन देऊ शकत नाही, सुकाणूचे चाकही देऊ शकत नाही. ते केवळ रस्त्याकडून, टायरांच्या मार्फत, मिळते. वेगाची हौस असणारे चालक ज्यास ‘हात बसणे’ म्हणतात ते कौशल्य अखेरीस ह्या एका बलाच्या व्यवस्थेचे कौशल्य होय. त्याची शास्त्रीय उपपत्ती काय आणि चालकाच्या स्वाभाविक प्रतिक्रिया तिच्याशी कोठे विसंगत ठरतात, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. मर्यादेचे गणित

वेग ‘वे’, वळणाची त्रिज्या ‘त्रि’ आणि वस्तुमान ‘व’ असल्यास लागणारे अभिकेंद्री बल व × वे² ÷ त्रि इतके असते. सपाट रस्त्यावर घर्षणाने मिळू शकणारे कमाल बल म्हणजे घर्षणगुणांक आणि गाडीचे वजन ह्यांचा गुणाकार. ही दोन्ही समान मानली असता वस्तुमान दोन्हीकडून निघून जाते आणि वेगाचा वर्ग हा घर्षणगुणांक, गुरुत्वप्रवेग व त्रिज्या ह्या तिहींच्या गुणाकाराइतका येतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणगुणांक ०·८ धरला, तर ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर कमाल वेग सेकंदास १९·८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७१ किलोमीटर येतो. रस्ता ओला होऊन गुणांक ०·४ वर आला, की हीच मर्यादा ताशी ५० किलोमीटरवर उतरते.

ह्या सूत्रातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, वेगाचा वर्ग येत असल्यामुळे वेगात दहा टक्के वाढ झाली तर बलाची मागणी एकवीस टक्क्यांनी वाढते. मर्यादेच्या निकट थोडासा जादा वेग चालकाला थोडासाच वाटतो. टायरांना तो तसा वाटत नाही. दुसरी अशी की, मर्यादा ओलांडल्यावर गाडी ‘बाहेर फेकली जाते’ हा सर्वसामान्य समज यथार्थ नाही. तिला बाहेर ओढणारे बल कोणतेच नसते. आत वळविणारे बल अपुरे पडल्यामुळे ती मूळ दिशेने, स्पर्शरेषेच्या रोखाने, जाऊ पाहते. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. बाहेर फेकले जात आहोत असे मानणारा चालक सुकाणू अधिकाधिक आत फिरवितो, कारण अदृश्य शत्रूशी झुंजण्याचा तोच मार्ग त्याला सुचतो. आतले बल संपले आहे हे ज्याला उमगले तो त्या बलाची मागणी कशी कमी करता येईल ह्याचा विचार करतो.

२. टायर आणि घसरकोन

बाराशे किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी घेतल्यास तिचे वजन सुमारे ११,७६० न्यूटन भरते. टायरातील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २१ न्यूटन असेल, तर चारही टायर मिळून रस्त्याला सुमारे ५६० चौरस सेंटिमीटर इतक्याच जागेत टेकतात. एका टायराच्या वाट्याला तळहाताएवढी जागा येते. चारही टायरांची एकत्र जागा एका फुलस्केप कागदाहूनही लहान असते. गाडीला मिळणारी प्रत्येक आज्ञा, मग ती थांबण्याची असो, धावण्याची असो वा वळण्याची असो, ह्या कागदाएवढ्या जागेतून रस्त्यापर्यंत पोहोचते.

रबर लवचीक असल्यामुळे वळताना टायर ज्या दिशेला तोंड करून असतो नेमक्या त्याच दिशेने तो जात नाही. रस्त्याला टेकलेला भाग पिळला जातो आणि चाकाचे तोंड व त्याची प्रत्यक्ष वाट ह्यांत एक लहानसा कोन राहतो. ह्यास घसरकोन म्हणता येईल. नावात घसरणे असले तरी टायर सुटल्याचे ते लक्षण नव्हे; हा कोन असल्याशिवाय बाजूचे बल उत्पन्नच होत नाही. फ्रेंच अभियंता जॉर्ज ब्रुलिए ह्यांनी १९२५ मध्ये ही कल्पना मांडली आणि वळणाच्या अभ्यासाला शास्त्रीय पाया मिळाला. कोन वाढतो तसे आरंभी बल जवळजवळ समप्रमाणात वाढते; मग वाढीचा वेग मंदावतो. सामान्य टायरांत साधारणतः ६ ते १० अंशांच्या आसपास बल शिखरास पोहोचते आणि त्यापुढे कोन वाढविला तर ते घटू लागते.

ही शिखराकडची मंद चढण चालकाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. मर्यादा जवळ आली की सुकाणू हलके लागू लागते, टायरांचा आवाज बदलतो, आणि हात जितका फिरवावा तितका परिणाम दिसेनासा होतो. ह्या सूचना वाचता येणे म्हणजेच ‘गाडी समजणे’. मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायराचे पेटंट घेतले; तो प्रकार रूढ होण्यापूर्वीच्या आडव्या विणीच्या टायरांत शिखर अधिक मोठ्या कोनाला व अधिक बोथट असे. त्यामुळे १९३० ते १९५० च्या दशकांतील शर्यतपटू चारही चाके किंचित घसरत ठेवून वळणे घेताना दिसत. आधुनिक टायरांची पकड पुष्कळ अधिक आहे. परंतु पकड मोठी म्हणजे ती सुटण्याच्या क्षणीचा वेगही मोठा, हे विसरता येत नाही.

३. एकाच भांडवलावर तीन मागण्या

टायर जे बल देऊ शकतो ते एकच आहे. ब्रेकसाठी निराळे आणि वळण्यासाठी निराळे अशी त्यात वाटणी नसते. श्टुटगार्ट येथील मोटारशास्त्राचे प्राध्यापक वूनिबाल्ट काम ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्तुळाने हे तत्त्व सुलभ रीतीने दाखविता येते. एका अक्षावर पुढचे व मागचे बल आणि दुसऱ्यावर बाजूचे बल मांडले, तर टायराच्या क्षमतेची सीमा स्थूलमानाने एका वर्तुळाने दर्शविली जाते. दोन्ही बलांची बेरीज सदिश पद्धतीने, म्हणजे वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेऊन, करावी लागते.

एकूण क्षमता गुरुत्वप्रवेगाच्या ०·८ पट आहे असे समजू. वळण्यात ०·४ खर्च होत असेल, तर ब्रेकसाठी ०·६९ उरते. वळण्यात ०·६ खर्च झाले तर ०·५३ उरते. मात्र वळण्यात ०·७६ खर्च झाल्यावर ब्रेकच्या वाट्याला केवळ ०·२५ येते, आणि वळणातच सारे ०·८ गेले तर काहीही उरत नाही. आता ०·७ ने वळणाऱ्या चालकाने भिऊन ०·५ चा ब्रेक दाबला, तर एकूण मागणी ०·८६ होते. दोन्ही मागण्या स्वतंत्रपणे मर्यादेच्या आत असूनही त्यांची बेरीज मर्यादेबाहेर जाते आणि गाडी सुटते. अनेक अपघातांत चालक म्हणतो की, ‘मी तर ब्रेक लावला होता’. त्याचे म्हणणे खरे असते. अपघाताचे कारणही बहुधा तेच असते.

ह्यावरून वळणाचा क्रम निश्चित होतो. वेग कमी करण्याचे मुख्य काम सरळ भागातच, चाके सरळ असताना, पुरे करावे. गिअरही तेथेच उतरवावा. वळणात शिरताना ब्रेकवरील दाब जसजसा सैल होईल तसतसे सुकाणू आत जावे, म्हणजे एका मागणीने सोडलेली जागा दुसरीने घ्यावी. वळणाच्या मध्यभागी वेग टिकविण्यापुरताच प्रवेगक दाबलेला असावा. बाहेर पडताना सुकाणू जितके सरळ होत जाईल तितक्याच प्रमाणात प्रवेगक अधिक दाबावा. हात आणि पाय ह्यांच्यामध्ये जणू एक दोरी बांधली आहे असे मानून चालविणारा चालक वर्तुळाची सीमा सहसा ओलांडत नाही.

४. भाराचे स्थलांतर

गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून काही उंचीवर असतो, पण बले मात्र जमिनीपाशी लागतात. परिणामी ब्रेक लावला की भार पुढे सरकतो, वेग वाढविला की मागे, आणि वळले की बाहेरच्या चाकांवर. उपर्युक्त बाराशे किलोग्रॅमच्या गाडीचा गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंच व दोन आसांतील अंतर अडीच मीटर असून तिचा भार दोन्ही आसांवर समान असेल, तर ०·७ च्या ब्रेकने सुमारे १,८०० न्यूटन भार पुढे जातो. पुढच्या आसावर ६५ टक्के आणि मागच्या आसावर ३५ टक्के भार राहतो. त्याच गाडीच्या डाव्या व उजव्या चाकांतील अंतर १·४५ मीटर असेल, तर ०·६ ने वळताना बाहेरच्या दोन चाकांवर सुमारे ७३ टक्के भार येतो.

येथे टायराचा आणखी एक गुणधर्म लक्षात घेतला पाहिजे. भार दुप्पट झाला म्हणजे पकड दुप्पट होते असे नाही. ती त्याहून कमीच वाढते. त्यामुळे एका चाकावरून दुसऱ्या चाकावर भार गेला की दोघांची मिळून पकड घटते. भार हलकेच हलवावा, एकदम हलवू नये, ह्या जुन्या शिकवणीचे शास्त्रीय मर्म हे आहे. धक्क्याने फिरविलेले सुकाणू किंवा एकाएकी सोडलेला प्रवेगक भाराला हेलकावा देतो आणि क्षणभर एखादे चाक नेमके गरजेच्या वेळी हलके होते.

५. अपुरे वळण आणि अतिवळण

पुढची चाके प्रथम मर्यादेस पोहोचली तर गाडी मागितल्यापेक्षा कमी वळते; मागची प्रथम पोहोचली तर गाडीचे शेपूट बाहेर येते व ती मागितल्यापेक्षा अधिक वळते. इंग्रजीत ह्यांस अंडरस्टीअर व ओव्हरस्टीअर म्हणतात. ह्या कल्पनांना व्यवस्थित रूप देण्यात रोल्स-रॉइस व पुढे जनरल मोटर्समध्ये काम केलेले अभियंता मॉरिस ऑली ह्यांचा वाटा मोठा होता. त्यानंतर कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीतील विल्यम मिलिकन, लिओनार्ड सेगल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी विमानाच्या स्थैर्याची गणिती पद्धत मोटारीला लावली. त्यांचे निबंध १९५६ मध्ये लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले गेले. चालकांनी अनुभवाने जे जाणले होते ते अशा रीतीने समीकरणांत आले.

अपुऱ्या वळणात स्वाभाविक प्रतिक्रिया सुकाणू आणखी आत फिरविण्याची असते. ती निष्फळ ठरते, कारण पुढच्या टायरांचा घसरकोन शिखरापलीकडे गेलेला असतो. प्रवेगक हलकेच सोडून भार पुढे आणावा आणि सुकाणू तसेच ठेवावे अथवा किंचित सैल करावे. वेग उतरताच पकड परत येते. अतिवळणात सुकाणू शेपूट ज्या बाजूस जाते त्या बाजूस फिरवावे, म्हणजे पुढची चाके इष्ट दिशेकडे रोखलेली राहतात. नजरही तिकडेच असावी, कारण हात नजरेमागे जातात. मागच्या चाकांना शक्ती असलेल्या गाडीत घसरण जादा शक्तीने उद्भवली असेल तर प्रवेगक हळूहळू कमी करावा. परंतु वळणाच्या मध्यात प्रवेगक एकाएकी सोडल्याने शेपूट सुटले असेल, तर तो पूर्ण सोडून ठेवणे व वर ब्रेक लावणे ह्यांनी मागची चाके अधिकच हलकी होतात. पकड परतताच सुकाणू तत्काळ सरळ करणे अगत्याचे आहे. तसे न केल्यास गाडी उलट दिशेने अधिक जोराने फेकली जाते, आणि हा दुसरा हेलकावा पहिल्याहून घातक ठरतो.

ह्या सर्व प्रसंगांत एक समान सूत्र आढळते. भीतीने माणूस पाय उचलतो, ब्रेक दाबतो आणि धोक्याकडेच पाहत राहतो. सरळ रस्त्यावर ज्या प्रतिक्रिया प्राण वाचवितात त्याच वळणाच्या मर्यादेवर उलटतात. केवळ वाचनाने त्या बदलत नाहीत. बंद मैदानावर, ओल्या पृष्ठभागावर, कमी वेगाने पुनःपुन्हा घसरण अनुभवल्यानेच त्या बदलतात.

६. वाटेची निवड

घर्षण चालकाच्या हाती नसते. त्रिज्या मात्र काही अंशी असते. शर्यतीच्या मार्गावर चालक बाहेरच्या कडेने शिरतो, मध्याजवळ आतल्या कडेला स्पर्श करतो आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघतो. आतल्या कडेची त्रिज्या २५ मीटर आणि रुंदी ७ मीटर असलेले काटकोनी वळण घेऊ. गाडीची रुंदी १·७ मीटर धरली, तर रस्त्याच्या मध्यातून जाणाऱ्या गाडीची वाट २८·५ मीटर त्रिज्येची होते. पूर्ण रुंदी वापरणाऱ्या गाडीची सुमारे ४४ मीटरची. कोरड्या रस्त्यावर पहिलीची मर्यादा ताशी ५४ किलोमीटर येते, तर दुसरीची ६७. हा चोवीस टक्क्यांचा लाभ इंजिनाची शक्ती न वाढविता मिळतो. वळणानंतर लांब सरळ भाग असेल तर चालक स्पर्शबिंदू मध्याच्या थोडा पुढे घेतो. आरंभी अधिक वळून घेतल्यामुळे त्याला लवकर वेग वाढविता येतो आणि तो लाभ पुढच्या सरळ भागात अखेरपर्यंत टिकतो. ह्या वाटांची पद्धतशीर मांडणी करणाऱ्यांत इटालियन अभियंता व शर्यतपटू पिएरो तारुफी ह्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. शर्यतीच्या तंत्रावरील त्यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९५९ मध्ये निघाला.

हेच गणित सार्वजनिक रस्त्याला लावून पाहिले असता मात्र निराळे चित्र दिसते. तेथे चालकाचा हक्क साडेतीन मीटरच्या आपल्या अर्ध्या रस्त्यापुरता असतो. त्याच वळणावर आपल्या बाजूच्या मध्यातून जाणाऱ्याची मर्यादा ताशी ५२ किलोमीटर येते. आपल्याच बाजूची सारी रुंदी वापरणाऱ्याची ५७. चोवीस टक्क्यांचा लाभ नऊ टक्क्यांवर येतो. उरलेला लाभ मिळवावयाचा तर समोरून येणाऱ्याच्या बाजूत शिरावे लागते. शर्यतीची वाट रस्त्यावर आणणारा चालक आपल्या कौशल्याने वेग मिळवीत नाही. तो दुसऱ्याच्या सुरक्षिततेतून उसना घेतो.

रस्त्यावर वाट निवडण्याचा खरा हेतू दृष्टी हा आहे. लंडनजवळील हेंडन येथील पोलिसांच्या चालनशाळेत १९३० च्या दशकापासून विकसित झालेल्या पद्धतीचा भर ह्यावरच आहे. वळणावर रस्त्याच्या दोन्ही कडा जेथे मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू पाहावा. तो चालकापासून दूर जाऊ लागला तर वळण उलगडत आहे; तो जागचा हलत नसेल अथवा जवळ येत असेल तर वेग कमी करणे भाग आहे. जेवढा रस्ता मोकळा दिसतो तेवढ्यातच थांबता आले पाहिजे, हा नियम सर्वांवर मात करतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाने, प्रतिक्रियेचा एक सेकंद धरून, कोरड्या रस्त्यावर थांबण्यास सुमारे ४५ मीटर लागतात. गुणांक ०·४ असलेल्या ओल्या रस्त्यावर ७१ मीटर. घाटातील एखाद्या आंधळ्या वळणावर इतका रस्ता दिसतच नाही. तेथे वेगाची मर्यादा टायर ठरवीत नाहीत, डोळे ठरवितात.

७. राखीव पकड कोणासाठी

रस्ते आखणारे अभियंते घर्षणाचा हिशेब किती सावधपणे करतात हे पाहणे उद्बोधक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत सपाट प्रदेशातील बाह्योन्नती सात टक्क्यांपर्यंत आणि बाजूचा घर्षणगुणांक केवळ ०·१५ धरला जातो. त्या हिशेबाने ५० मीटर त्रिज्येच्या वळणाचा वेग ताशी सुमारे ३७ किलोमीटर येतो. कोरड्या रस्त्याची भौतिक मर्यादा आरंभी ७१ आढळली होती. ह्या दोन आकड्यांतील अंतर पाहून हौशी चालकाला वाटते की, मधली पकड आपल्या नैपुण्यासाठी मोकळी आहे. प्रत्यक्षात तिचे मालक आधीच ठरलेले असतात. सह्याद्रीच्या घाटांत पहिल्या पावसाने तेल व धूळ मिळून झालेला चिकटा, दरडीवरून उतरलेली माती, कडेची खडी, झिजलेला टायर, वळणापलीकडे बंद पडलेली मालमोटार, अचानक आडवे आलेले गुरू ह्या सर्वांचे देणे त्याच राखीव पकडीतून फेडावयाचे असते. हौसेखातर ती आधीच खर्चिली असेल, तर ह्यांपैकी एकही मागणी आल्यास चालकाजवळ काही शिल्लक राहत नाही.

विद्युत्-साधनांनी ह्या हिशेबात काही फरक पडला आहे. चाके जखडू न देणारी ब्रेकव्यवस्था १९७८ मध्ये मर्सिडीझ-बेंझच्या गाड्यांत आली. तिच्यामुळे जोराचा ब्रेक लावूनही गाडी वळविता येते. त्याच कंपनीच्या गाडीत १९९५ मध्ये आलेली स्थैर्यनियंत्रण व्यवस्था सुकाणूचा कोन आणि गाडीचे प्रत्यक्ष फिरणे ह्यांची तुलना करते व गरजेनुसार एकेका चाकाला निराळा ब्रेक लावते. एका पायाच्या चालकाला हे कधीच शक्य नव्हते. परंतु ह्या साधनांनी घर्षणगुणांक वाढत नाही. ती वर्तुळाचा उत्तम उपयोग करतात. वर्तुळ मोठे करीत नाहीत.

तारुफी ह्यांच्याच जीवनातील एक घटना येथे स्मरणीय आहे. इटलीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून होणारी सुमारे सोळाशे किलोमीटरची मिल्ले मिल्या शर्यत त्यांनी १९५७ मध्ये जिंकली. त्याच शर्यतीत ग्विदित्सोलो गावाजवळ आल्फॉन्सो दे पोर्तागो ह्यांच्या गाडीचा टायर फुटला. ते स्वतः, त्यांचे सहचालक आणि रस्त्याच्या कडेचे नऊ प्रेक्षक, ज्यांत पाच मुले होती, प्राणांस मुकले. वेगाची स्पर्धा म्हणून ती शर्यत त्यानंतर पुन्हा भरली नाही. हा अपघात वळणावर झाला नव्हता. रस्ता सरळ होता आणि चालक त्या काळच्या नामांकितांपैकी एक होता. त्याचे नैपुण्य कमी पडले नाही. तळहाताएवढी जागा नाहीशी झाली, आणि ज्या वेगाने ती नाहीशी झाली त्या वेगाला सामावून घेण्याइतके अंतर कडेच्या लोकांपासून राखलेले नव्हते.

वळणाचे शास्त्र शिकणाऱ्याला त्यातून दोन गोष्टी मिळतात. मर्यादा कोठे आहे ह्याचे ज्ञान मिळते, आणि ती ओलांडली गेल्यास गाडी सावरण्याची कला मिळते. दोन्ही बंद मार्गावरच मिळवाव्यात. मर्यादेचे असे यथार्थ ज्ञान झालेल्या चालकाची परीक्षा मात्र सार्वजनिक रस्त्यावर होते, आणि तेथे तिचा निकष एकच आहे: प्रत्येक वळणातून बाहेर पडताना त्याच्यापाशी किती पकड शिल्लक होती.